हिवाळ्यात बार्बेक्यूला आडोसा कसा करायचा (आणि कसा अजिबात नाही करायचा)

आमच्या इथे टोरोंटोशेजारच्या मिसिसागात थँक्सगिव्हिंग झालं की (कॅनडाचं ऑक्टोबरात असतं, अमेरिकेसारखं नोव्हेंबरात नाही) गल्लीतले सगळे बार्बेक्यू काळी कव्हरं घालून झोपी जातात ते डायरेक्ट मे महिन्यात उठतात. मला हे कधी पटलंच नाही. अहो आपल्याकडे उघड्यावर भाजून खायचे दिवसच मुळात थंडीचे, हुरडा थंडीत, अलिबागकडची पोपटी थंडीत, शेकोटीत रताळी खुपसायची ती पण थंडीत, मग इथे थंडी पडली म्हणून वांग्याचं भरीत बंद का करायचं? घरात गॅसवर वांगं भाजायची सोय नाही कारण आमचा स्टोव्ह इलेक्ट्रिक, आणि ओव्हनमधल्या भरताला मी भरीत म्हणत नाही, ती उकडलेली वांगी. तर गेली सहा वर्षं मी डिसेंबर-जानेवारीत पण बाहेर भाजते, आणि त्यात जे काही चुकत माकत शिकले ते इथे लिहून ठेवतेय.

लोक बर्फाला घाबरतात, पहिल्या वर्षी मी पण घाबरले होते, पण खरा त्रास वाऱ्याचा आहे. उणे दहाला वारा नसेल तर बार्बेक्यू मस्त चालतो, फक्त तापायला थोडा जास्त वेळ घेतो. आणि शून्याला चाळीसच्या स्पीडने वारा असेल तर अर्धा तास झाला तरी झाकणावरच्या थर्मामीटरचा काटा जागचा हलत नाही. कारण साधं आहे, झाकण म्हणजे शेवटी पातळ पत्राच, वारा त्याच्यावरून गेला की उष्णता ओढून घेऊन जातो, आपण गरम चहावर फुंकर मारतो तसंच. शिवाय गॅसच्या बार्बेक्यूला मागच्या बाजूला लांब फट असते, गरम हवा आणि धूर तिथून बाहेर पडायला. वारा नेमका पाठीमागून आला की ती गरम हवा उलटी पुढे ढकलली जाते, नॉबच्या बाजूला. नॉब वितळलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत (आमचेच). आणि कधी कधी बर्नर विझतो पण गॅस चालूच राहतो, आणि आपण आत चहा पीत बसलेले असतो.

आता माझा पहिला पराक्रम. माझं माहेर रत्नागिरीकडचं, पावसाळ्याआधी बाबा पडवीला झापं (माडाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे) बांधायचे, तीन बाजूंनी एकदम टाइट, एक थेंब आत येणार नाही अशी. तेच डोक्यात ठेवून मी पहिल्या वर्षी डेकच्या (घरामागच्या लाकडी ओट्याच्या) कठड्याला निळी ताडपत्री बांधली, तीन बाजू आणि वरून पण, आणि आत बार्बेक्यू. काय उबदार वाटत होतं म्हणून सांगू! नवऱ्याने आत डोकं घातलं आणि म्हणाला बाहेर ये आधी, डोळे झोंबतायत. रात्री बर्फ पडला, मधोमध पोट सुटल्यासारखी ताडपत्री खाली लोंबली, दोरी तुटली आणि ती कोमट झाकणावर जाऊन बसली. त्या प्लास्टिकचा निळा डाग अजून आहे झाकणावर, येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायला.

तेव्हा कळलं की झापं चालतात पावसाला, जळत्या शेगडीला नाही. आडोसा म्हणजे वाऱ्याकडची बाजू अडवायची आणि बाकी मोकळं ठेवायचं, खोली करायची नाही. गॅस जळो नाहीतर कोळसा, कार्बन मोनॉक्साइड होणारच, त्याला ना रंग ना वास, डोकं जड होतं आणि माणसाला वाटतं थंडीने होतंय. म्हणून गॅरेजमध्ये बार्बेक्यू लावायचाच नाही, शटर पूर्ण उघडं असलं तरी नाही. हे मी मुद्दाम ठासून लिहितेय कारण दर हिवाळ्यात ओळखीत कोणीतरी म्हणतंच की आम्ही गॅरेजच्या तोंडाशी लावतो, काही होत नाही. तंबू, झिपवाला गझीबो (खांबांवरचा कापडी मांडव), चारही बाजूंनी काचा लावलेला पॅटिओ, सगळ्यांना तेच लागू.

मग करायचं काय, तर आधी जागा ठरवायची. ऑक्टोबरात एखाद्या वाऱ्याच्या दिवशी बॅकयार्डमध्ये जाऊन उभं राहा आणि काठीला रिबन नाहीतर जुन्या ओढणीची चिंधी बांधून ती दोन-चार ठिकाणी धरून बघा. आमच्या भागात हिवाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो, पण घरांच्या मधल्या बोळातून तो वळून कुठूनही येतो, त्यामुळे नकाशापेक्षा चिंधीवर विश्वास ठेवा. घराच्या भिंतीला चिकटून ठेवायचा मोह होतो कारण तिथे आडोसा आयता असतो. पण इथल्या घरांना बाहेरून विनाइलचं साइडिंग (प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण) असतं आणि ते साधारण सत्तर अंशालाच मऊ पडतं, आमच्या शेजाऱ्यांच्या भिंतीवर बार्बेक्यूच्या आकाराची एक लाट आलेली आहे कायमची. मी १० फूट लांब ठेवते, खिडकी, दार आणि फर्नेसची (घर गरम करणाऱ्या भट्टीची) हवा आत घेणारा पाइप यांच्यापासून तर नक्कीच. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत किती अंतर ठेवायचं ते लिहिलेलं असतं, ते काढून वाचा, कोणी वाचत नाही पण वाचा. आणि छपराच्या कडेखाली नको, बर्फ वितळायला लागला की वरून लादीच्या लादी घसरून खाली येते.

लांब पण इतकं लांब नको की तुम्ही जाणारच नाही. दारापासून पंधरा-वीस पावलं, तेवढी वाट फावड्याने मोकळी करायला लागणार आहे हे लक्षात ठेवा.

आता मुख्य काम, वाराअडव. इथे मला जी गोष्ट माहीतच नव्हती ती म्हणजे सलग भिंत वाऱ्याला चांगली अडवत नाही. सपाट प्लायवूड उभं केलं की वारा त्याच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे भोवरा करतो, आणि आपला बार्बेक्यू बरोबर त्या भोवऱ्यात. शेताच्या बांधावर झाडांची रांग लावतात ना, त्यातून थोडा वारा गाळून जातो, तसं पाहिजे. म्हणजे फटी असलेलं कुंपण. मी इंग्रजी एल सारखे दोन पॅनेल केलेत, एक पश्चिमेला एक उत्तरेला, प्रत्येक ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच. लाकडाच्या आडव्या पट्ट्या साडेतीन इंचाच्या आणि मध्ये दोन इंचाची फट. खाली जमिनीपासून सहा इंच पूर्ण मोकळं, हे महत्त्वाचं आहे, कारण प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, गळती झाली तर तो खालीच साचतो आणि त्याला निघून जायला वाट पाहिजे. पूर्व आणि दक्षिण बाजू उघडी. बार्बेक्यू आणि लाकडाच्या मध्ये मी चार फूट सोडलेत, तेवढ्यात मी पण मधून जाऊ शकते. जागा कमी असेल तर लाकडाऐवजी पन्हाळी पत्रा वापरा, तो पेट घेत नाही, पण तो सलग असतो म्हणून दोन पत्र्यांमध्ये हातभर मोकळं ठेवा, आणि वाऱ्यात जो काही खडखडाट करतो तो शेजाऱ्यांना आवडत नाही.

तोंड कुठे करायचं? बार्बेक्यूची पाठ पॅनेलकडे की पोट पॅनेलकडे, यावर आमच्या घरात बराच वाद झाला. उत्तर असं की वारा पाठीतून शिरता कामा नये. पॅनेल कितीही चांगलं असलं तरी थोडा वारा येतोच, तेव्हा तो पुढून किंवा बाजूने आलेला परवडला. मी पश्चिमेकडे तोंड करून ठेवलाय, म्हणजे मी स्वतः पॅनेल आणि बार्बेक्यूच्या मध्ये उभी राहते. त्यामुळे आडोसा मला पण मिळतो. हे नंतर लक्षात आलं, पण सगळ्यात मोठा फायदा तोच आहे, कारण सहा हिवाळे सांगते, मध्येच सोडून आत पळतो तो माणूस, बार्बेक्यू बिचारा उभाच असतो.

खांब पुरायचे असतील तर नोव्हेंबरच्या आत. नंतर जमीन दगड होते. आमच्या प्रांतात, म्हणजे दक्षिण ऑंटारिओत, जमीन साधारण चार फुटांपर्यंत गोठू शकते असं धरून पाया खणतात, त्याहून उथळ खांब बर्फ फुगला की वर उचलला जातो आणि एप्रिलमध्ये वाकडा दिसतो. खणायच्या आधी ऑंटारिओ वन कॉलला कळवायचं, ते येऊन जमिनीखालच्या गॅसच्या आणि हायड्रोच्या लाइनी रंगाने आखून देतात (इथे विजेला हायड्रो म्हणतात, मला पहिल्यांदा पाण्याचं बिल वाटलं होतं), फुकट आहे आणि कायद्याने बंधनकारक आहे, फक्त निदान आठवडाभर आधी सांगा. खणायचं नसेल किंवा भाड्याचं घर असेल तर दोन मोठ्या लाकडी कुंड्या घ्या, त्यात खांब उभे करून वाळू आणि दगड ठासून भरा. कुंडी हलकी राहिली तर पहिल्याच वादळात पॅनेल बार्बेक्यूवर जाऊन पडेल, तेव्हा तुम्ही दोघांनी मिळून ढकलली तरी हलणार नाही इतकी भरा. काँडोत (म्हणजे फ्लॅटमध्ये) राहणाऱ्यांनी बाल्कनीत हे काही करू नका, बहुतेक काँडोंच्या नियमांत प्रोपेन चालतच नाही.

छप्पर हवंच का? माझं मत, नको. बर्फ पडताना भाजायला काही हरकत नाही, झाकणावर पडलेला बर्फ वितळून जातो, आणि त्या पांढऱ्या भुरभुरीत धूर निघताना दिसतो ते बघायला मजा येते. पण ज्यांना हवंच आहे त्यांनी एक गणित करून बघा. ३ मीटर बाय ३ मीटरचं छप्पर, त्यावर फूटभर ओला बर्फ. ओल्या बर्फाचं वजन घनमीटरला २०० किलो सहज भरतं, म्हणजे तुमच्या डोक्यावर पाचशे किलोच्या वर वजन. उन्हाळ्यातला कापडी गझीबो हे घेऊच शकत नाही, दर वर्षी पहिल्या मोठ्या बर्फानंतर आमच्या मागच्या गल्लीत दोन-तीन गझीबो पाय पसरून आडवे झालेले दिसतात. कापड, प्लास्टिक, मोठी छत्री, ताडपत्री हे काहीच जळत्या बार्बेक्यूवर नको. पत्र्याचं छप्पर असलेले बार्बेक्यूसाठीचेच छोटे शेड मिळतात, चारही बाजू उघड्या, ते घेतलं तर खाली घट्ट बोल्ट करा आणि बर्फ सहा इंच झाला की लांब दांड्याच्या रेकने ओढून काढा. पण घ्यायच्या आधी बार्बेक्यूच्या पुस्तिकेत वर छप्पर चालतं का ते बघा, बऱ्याच कंपन्या वर काहीच नको म्हणतात.

आता सिलेंडर. यावर इतके गैरसमज आहेत ना. भारतात घरी येतो त्या सिलेंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनची मिसळ असते, ब्युटेन शून्याच्या आसपासच वाफ व्हायचा थांबतो, म्हणून लेह-मनालीकडे गॅस बसतो असं म्हणतात ते खरं आहे. इथला बार्बेक्यूचा ९ किलोचा सिलेंडर म्हणजे प्रोपेन, तो उणे ४२ पर्यंत उकळतो, त्यामुळे टोरोंटोच्या थंडीत गोठत बिठत नाही. पण प्रेशर पडतं. २० अंशाला जेवढं असतं त्याच्या साधारण पाचवा भाग उणे वीसला उरतो. त्यातून सिलेंडर रिकामा होत आला असेल तर आत द्रव कमी, वाफ कमी, आणि ज्योत मेणबत्तीसारखी. म्हणून हिवाळ्यात मी अर्ध्याच्या खाली गेला की भरून आणते. सिलेंडरभोवती बर्फ साचू देऊ नका, त्याला बाहेरच्या हवेतूनच उष्णता घ्यायची असते, उणे पाचची हवा पण त्याच्यासाठी गरमच आहे. त्याला ब्लँकेट गुंडाळून काही होत नाही, तो काय स्वतः ऊब निर्माण करत नाही. आणि हीटर, हेअर ड्रायर, गरम पाणी यातलं काहीही सिलेंडरला लावायचं नाही. ऊब मिळावी म्हणून घरात, बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजमध्ये आणून ठेवायचा तर अजिबातच नाही, सिलेंडर कायम बाहेर, उभा. जाता जाता त्याच्या गळ्यावरची तारीख बघून घ्या, कॅनडात दर दहा वर्षांनी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर भरून देत नाहीत.

ज्योत मंद आहे म्हणजे थंडीच, असं पण नाही. मी एक अख्खा जानेवारी थंडीला शिव्या घालत काढला आणि कारण निघालं वेगळंच. सिलेंडरला जोडायचा जो मोठा प्लास्टिकचा नट असतो त्यात एक सुरक्षेची सोय असते, एकदम जास्त गॅस सुटला की त्याला वाटतं पाइप फुटलाय आणि तो प्रवाह बारीक करून टाकतो. आपण थंडीत घाईघाईत सिलेंडर एका झटक्यात पूर्ण उघडतो, किंवा नॉब आधीच चालू राहिलेले असतात, आणि मग तो तसाच अडकून बसतो. उपाय, सगळं बंद करा, सिलेंडर पण, एक-दोन मिनिटं थांबा, मग नॉब बंद ठेवूनच सिलेंडर अगदी हळूहळू उघडा, नंतर झाकण उघडं ठेवून पेटवा. दहापैकी आठ वेळा एवढ्यानेच काम होतं.

रेग्युलेटरला एक बारीक भोक असतं श्वास घ्यायला. त्यात पाणी जाऊन गोठलं तर रेग्युलेटर नीट काम करत नाही आणि ज्योत अचानक मोठी होऊ शकते, त्यामुळे ते भोक खालच्या बाजूला राहील असं बसवा आणि भिजणार नाही असं ठेवा. गळतीची टेस्ट नोव्हेंबरातच उरकून घ्या, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायची आपली नेहमीची, कारण जानेवारीत ते पाणी लावता लावता गोठतं आणि कळत काहीच नाही. रबरी पाइप थंडीत काठीसारखा कडक होतो, त्याला वाकवून बघू नका, जुना आणि चिरा गेलेला असेल तर सरळ बदला.

कव्हरचं म्हणाल तर स्वस्तातलं विनाइलचं कव्हर उणे पंधराला पापडासारखं मोडतं, हा पण अनुभव घेऊन झालाय. जाड पॉलिस्टरचं, आतून कोटिंग असलेलं आणि खाली पट्टे असलेलं घ्या. पण कव्हरखाली ओल धरते आणि गंज बर्फाने कमी, ह्या ओलीने जास्त लागतो, म्हणून उन्हाच्या दिवशी तासभर काढून ठेवायचं. आणि ती ऊबदार काळी जागा उंदरांना जाम आवडते. एकदा मी झाकण उघडलं तर आत कापसाचं, पानांचं आणि माझ्याच बागेतल्या ग्लोव्हच्या चिंध्यांचं सुंदर घरटं. घरमालक बाहेर गेले होते नशिबाने. तेव्हापासून पेटवायच्या आधी जाळी उचलून आत बघते, आणि बर्नरच्या नळ्यांत कोळ्याची जाळी पण, त्याने गॅस अडून भलतीकडेच पेट घेतो. वाटेवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात ते बार्बेक्यूच्या आसपास टाकू नका, स्टीलला सुद्धा गंज चढतो, तिथे मी साधी वाळू टाकते. बिडाच्या जाळ्यांना भाजून झाल्यावर गरम असतानाच तेलाचा हात, आपल्या लोखंडी तव्यासारखा.

भाजायच्या दिवशी काय करायचं ते थोडक्यात. आधी झाकणावरचा, बाजूच्या फळ्यांवरचा आणि मागच्या फटीतला बर्फ झाडून घ्या. तापायला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ धरा, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. झाकण उघडून बघायची सवय सोडा, प्रत्येक वेळी उघडलं की पाच मिनिटं परत मागे. सूर्य डिसेंबरात पावणेपाचच्या आसपास मावळतो म्हणून डोक्याला लावायचा दिवा पाहिजेच, फोनचा टॉर्च तोंडात धरून चिकन उलटवणं काही खरं नाही. चिकनचे तुकडे शिजले की नाही ते रंगावरून ठरवू नका, अंधारात सगळंच शिजल्यासारखं दिसतं, थर्मामीटर खुपसा, ७४ अंश आले की काढा. फुगीर जॅकेट घालून पुढे वाकू नका, ते कापड ठिणगीने लगेच भोक पडणारं असतं, आणि मफलरची टोकं आत खोचा. मी जुना लोकरीचा कोट ठेवलाय खास, घरात सगळे त्याला भरीत कोट म्हणतात. भाजलेलं ठेवायला घरातून गरम करून आणलेला झाकणाचा डबा, नाहीतर दारापर्यंत येईतो सगळं गार. वांग्यांना तर याचा आणखी एक फायदा, ती डब्यात झाकून ठेवली की वाफेने सालं आपोआप सुटतात, तेवढीच बाहेर उभं राहायची वेळ वाचते.

कोळशावर करणाऱ्यांना एकच सांगायचंय. राख बर्फात ओतून मोकळे होऊ नका, वरून विझल्यासारखी दिसते पण आतला निखारा दोन दिवस सुद्धा जिवंत राहतो, आणि तीच राख कोणीतरी उचलून गॅरेजमधल्या प्लास्टिकच्या डब्यात टाकतं. झाकणाची पत्र्याची बादली घ्या आणि ती लाकडी डेकवर नको, फरशीवर ठेवा.

बंद करताना आधी सिलेंडर, मग पाइपातला गॅस जळून ज्योत आपोआप विझली की नॉब. कव्हर लगेच घालायचं नाही, झाकणाला उघड्या हाताने हात लावून गार लागलं पाहिजे, त्याला तासभर तरी जातो, आणि एकदा जेवण झाल्यावर बूट घालून परत बाहेर जायचा जो कंटाळा येतो तो मी सांगायला नको. मी उपाय असा केलाय की भाजायचा बेत कचऱ्याची गाडी यायच्या आदल्या रात्रीच ठेवायचा, म्हणजे डबे रस्त्याच्या कडेला न्यायला नवरा बाहेर जातोच, येताना कव्हर घालून येतो.